पांढरा खांब आणि मोकाट गुरे



एरवी या पानावर आपण हुमणीचा बंदोबस्त, माती परीक्षण, गाभण गाईचा खुराक अशा गोष्टी बोलतो. आज जरा लांबचे सांगणार आहे. लांबचे म्हणजे किती? आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात, जेवणे उरकून तुम्ही अंथरूण टाकता, तेव्हा त्या गावी त्याच दिवसाची सकाळ सहाला उजाडत असते. पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर असलेले हे हवाई बेट.

आता तुम्ही म्हणाल, साहेब तिकडे कशाला गेले? माझा पुतण्या अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. "काका-काकू, एकदा तरी या," असा त्याचा तीन वर्षे धोशा होता. गेल्या दिवाळीनंतर रजा टाकली आणि आम्ही उभयता गेलो. तो आम्हाला चार दिवस हवाईला घेऊन गेला. त्याला आम्हाला समुद्र दाखवायचा होता, सौभाग्यवतींना ज्वालामुखी बघायचा होता, आणि मला तिथली शेती. पण सगळ्यात जास्त मनात राहिला तो एक पांढरा खांब. त्या खांबाने मला माझ्याच नोकरीतली एक जुनी चूक आठवून दिली. ती चूक आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

बेट कसे आहे?

हवाई हा अनेक बेटांचा समूह. पूर्वी तिथे त्यांचे स्वतःचे राजे होते. १८९३ साली ते राज्य उलथवले गेले, १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्याला जोडून घेतली, आणि १९५९ पासून ते अमेरिकेचे एक राज्य आहे. या समूहातल्या सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच. आकार म्हणाल तर आपल्या सातारा जिल्ह्याएवढा. पण या साताऱ्याएवढ्या जागेत तेरा हजार फुटांहून उंच असे दोन डोंगर उभे आहेत, मौना केआ आणि मौना लोआ. दोन्ही ज्वालामुखी. आपला सह्याद्रीचा काळा दगडही लाव्ह्याचाच आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची झिजून माती झाली, म्हणून आपण शेती करतो. तिथे मात्र आजोबांच्या आठवणीतला लाव्हा आहे. काही ठिकाणी मैलच्या मैल नुसता काळा खडक, नांगराच्या फाळाला जागाच नाही.

आम्ही गेलो ती जागा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोना नावाच्या भागात. अक्षांश पाहिला तर एकोणीस अंश आणि वर थोडे, म्हणजे आपल्या पैठणच्या ओळीत. सकाळी लख्ख ऊन, दुपारी डोंगरावर ढग उतरतात आणि झाडांवर आपोआप सावली धरतात. या फुकटच्या सावलीत तिथे कॉफी पिकते. त्या भागातल्या एका गावाचे नाव आहे कॅप्टन कुक. ज्याच्या नावाचे गाव, त्याचाच तो खांब.

उतरणीची वाट

खांबापर्यंत मोटार जात नाही. समुद्रातून नावेने जाता येते, पण तिथे नाव लावायला परवानगी लागते. नाही तर गावाजवळच्या रस्त्यापासून पायी उतरायचे. अंतर दोन मैलांच्या आतबाहेर, पण उतार तेराशे फुटांचा. खाली प्यायला पाणी नाही, दुकान नाही, आडोसा नाही. पुण्याजवळच्या किल्ल्यांवर जाणाऱ्यांना याचे काही वाटणार नाही, पण किल्ल्यावर आधी चढण असते आणि थकल्यावर उतार. इथे उलट. आधी मजेत उतरायचे आणि भर उन्हात चढून यायचे. म्हणून पुतण्याने पहाटेच काढले आणि माणशी तीन बाटल्या पाणी पाठीवर दिले.

वरचा टप्पा उंच गवताचा. पाहतो तर काय, गिनी गवत! आपण बांधावर लावतो तेच, पण डोक्याच्या वर गेलेले. कापणारा कोणी नाही. पुढे उघडा खडक, तापलेला. कडेला चिंचोळ्या पानांची, चपट्या शेंगांची झुडपे. हात लावून पाहिला आणि थबकलो. सुबाभूळ! सौ. म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांब येऊन बांधावरचंच झाड बघता?" मी काही बोललो नाही. त्या झाडाकडे पुढे येतो.

तासाभराने खाली पोचलो. समोर केआलाकेकुआ नावाचा उपसागर. नावाचा अर्थ 'देवाची वाट'. पाणी इतके नितळ की खालचे प्रवाळ आणि पिवळे मासे काठावरून दिसतात. डावीकडे उभा काळा कडा, त्यातल्या गुहांमध्ये जुन्या सरदारांच्या अस्थी ठेवलेल्या म्हणून तो पवित्र मानतात. आणि झाडीतून पुढे आलेला, सत्तावीस फूट उंचीचा, वर निमुळता होत गेलेला पांढरा खांब. भोवती जुन्या तोफांच्या नळ्या जमिनीत रोवून त्यांना साखळी लावली आहे.

खांबावरच्या मजकुराचा आशय असा, की थोर दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याने १८ जानेवारी १७७८ रोजी ही बेटे शोधून काढली, आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजी या जागेजवळ तो पडला. नोव्हेंबर १८७४ मध्ये त्याच्या देशबांधवांनी हा खांब उभारला. १८७७ साली खांबाखालची जमीन ब्रिटिशांच्या नावे करून दिली गेली. म्हणजे आजूबाजूचे सगळे अमेरिकेचे, पण या तुकड्याचा सातबारा इंग्रजांचा!

शेतमजुराचा मुलगा

हा कुक कोण? कोणा उमरावाचा मुलगा नव्हता. इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागात १७२८ साली एका शेतमजुराच्या घरी जन्मला. बाप पुढे शेतावर मुकादम झाला. त्या शेताच्या मालकाने पोराची हुशारी पाहून शाळेची फी भरली. पोरगा आधी दुकानात, मग कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर, मग आरमारात गेला. समुद्राचे नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. तीन वेळा तो पॅसिफिकच्या मोठ्या सफरींवर निघाला. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, दक्षिणेकडचा बर्फ, सगळे पालथे घातले. तिसऱ्या सफरीत अमेरिकेच्या उत्तरेकडून वाट सापडते का ते शोधताना त्याची जहाजे हवाईला लागली.

'शोधून काढली' हा शब्द मात्र जरा तपासून घ्यायला हवा. कुक येण्याच्या कितीतरी शतके आधी तिथे माणसे राहत होती. दोन होड्या जोडून केलेल्या गलबतांतून, ताऱ्यांवर नजर ठेवून, ती दक्षिणेकडच्या बेटांवरून आली होती. आणि रिकाम्या हाताने नव्हे. येताना रोपे आणि कंद बांधून आणले होते. कोणते, ते ऐका: अळू, रताळे, ऊस, केळी, नारळ, नीरफणस, आणि हळद! होय, आपली हळद. रंगासाठी आणि धार्मिक विधीत ते ती वापरत. कोकणातल्या वाचकांना नीरफणस सांगायला नको. तोही तिथल्या माणसांच्या पोटाचा मोठा आधार होता.

कार्तिकातला पाहुणा

तिथल्या लोकांचा एक मोठा सण असे, मकाहिकी. कृत्तिकांचा पुंजका संध्याकाळी पूर्वेला उगवू लागला की सण सुरू होई. आपल्या कार्तिक महिन्याचे नावही त्याच नक्षत्रावरून पडलेले. सुमारे चार महिने लढाई बंद, कष्टाची कामे बंद, सारा भरायचा, खेळ खेळायचे. हा सण लोनो या देवाचा. लोनो म्हणजे पावसाचा, शेतीचा आणि शांततेचा देव. त्याची खूण म्हणजे एक उंच काठी, तिला आडवी काठी आणि त्यावर लोंबणारे पांढरे कापड.

१७ जानेवारी १७७९ रोजी कुकची दोन जहाजे या उपसागरात शिरली ती या सणाच्या दिवसांत. उंच डोलकाठी, आडवी काठी, पांढरी शिडे. लोकांनी पाहुण्याला देवळात नेऊन लोनोचा मान दिला. त्यांनी त्याला खरोखर देव मानले की मोठा सरदार म्हणून मान दिला, यावर विद्वानांत आजही वाद आहे. श्रीलंकेचे अभ्यासक गणनाथ ओबेयसेकेरे यांनी १९९२ साली पुस्तक लिहून 'देव मानले' हा युरोपियनांचाच समज आहे असे मांडले, तर अमेरिकेचे मार्शल साहलिन्स यांनी त्याला विरोध केला. आपण त्या वादात पडायला नको. पाहुणचार झाला हे दोघांनाही मान्य आहे.

पण शेतकऱ्याच्या घरचा पाहुणचार किती दिवस पुरणार? दोन जहाजांवरची दीड-पावणेदोनशे माणसे अडीच आठवडे खात होती. डुकरे, रताळी, केळी, नीरफणस, सगळे किनाऱ्यावर येत होते. त्या बदल्यात लोखंडी खिळे आणि हत्यारे मिळत. शेवटी जळण म्हणून पाहुण्यांनी देवळाचे लाकडी कुंपणसुद्धा नेले. ४ फेब्रुवारीला जहाजे निघाली तेव्हा यजमानांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, तर त्यांना बोल लावता येणार नाही.

तो दिवस

पण वादळात एका जहाजाची डोलकाठी मोडली आणि ११ फेब्रुवारीला पाहुणे परत आले. सण संपला होता. या वेळी किनाऱ्यावर ती गर्दी नाही, तो उत्साह नाही. कुरबुरी वाढल्या. १३ तारखेच्या रात्री जहाजाची एक मोठी होडी चोरीला गेली.

कुकने ठरवले की राजाला ओलीस धरायचे आणि होडी परत मिळवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंदूकधारी शिपाई घेऊन काअवालोआ या गावात उतरला. राजा कालानिओपुऊ म्हातारा होता. तो यायला निघालाही. वाटेत त्याच्या राणीने रडून त्याला अडवले. एवढ्यात बातमी आली की उपसागराच्या पलीकडच्या बाजूला गोऱ्यांनी एका सरदाराला गोळी घातली. जमाव खवळला. कुकने बंदूक झाडली, मग एकच गोंधळ. पाण्याच्या काठावर कुक आणि त्याचे चार शिपाई मारले गेले. बेटावरची माणसे त्याहून कितीतरी जास्त मेली, आणि पुढच्या दिवसांत जहाजावरच्यांनी गावेही जाळली.

मी त्या काठावर बराच वेळ उभा होतो. पन्नास वर्षांचा अनुभवी माणूस. जगाचा निम्मा नकाशा त्याने काढला. पण दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या राजाचा हात धरून ओढू नये एवढे त्या सकाळी त्याच्या ध्यानात आले नाही. आपल्याकडेही बांधाच्या भांडणात असेच होते. हातभर जमिनीवरून सुरू होते आणि शेवट कोर्टात नाही तर इस्पितळात.

खांबावर जे लिहिलेले नाही

खांब एका माणसाच्या मरणाचा. पण त्याच्यामागून जे मरण आले त्याचा खांब कुठे नाही. जहाजावरच्या खलाशांकडून गुप्तरोग बेटांवर पसरले. हे होऊ नये म्हणून कुकने हुकूम काढले होते, पण ते कोणी पाळले नाहीत. पुढे गोवर आला, १८५३ साली देवी आली. कुक आला तेव्हा बेटांवर किती माणसे होती याचे अंदाज वेगवेगळे आहेत. कोणी दोन-अडीच लाख म्हणतो, कोणी सहा-सात लाख. १८५३ च्या शिरगणतीत उरली होती सुमारे त्र्याहत्तर हजार.

आणि त्यांची शेती? त्या उतारावर, मी जिथून उतरलो त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर, जुनी दगडी ताल आहे. किनाऱ्याला समांतर मैलोगणती पसरलेल्या या शेतीला अभ्यासक 'कोनाची शेतरचना' म्हणतात. शेतातले धोंडे वेचून वरून खाली, डोंगरापासून समुद्राच्या दिशेने लांबच लांब बांध घातलेले. त्यांचे नाव 'कुआइवी', म्हणजे पाठीचा कणा. बांधावर ऊस लावायचा, त्याने वारा अडतो आणि आच्छादनाला पाचट मिळते. किनाऱ्याजवळ कोरड्यात रताळे, त्याच्या वर नीरफणसाचा सलग पट्टा, त्याच्या वर अळू, आणि सगळ्यात वर ढगांच्या ओलीत केळी. नांगर नाही, बैल नाही, पाट नाही. पाऊस कुठे किती पडतो ते ओळखून पिकाची जागा ठरवलेली. आपण आज 'पाणलोट क्षेत्र विकास' म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायला सांगतो ना, ते त्यांचे नेहमीचे होते. त्यांच्या जमिनीची वाटणीसुद्धा डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उभ्या पट्ट्यांनी होई, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात लाकूड, शेत आणि मासळी तिन्ही यावीत.

माणसे कमी झाली आणि ही शेती ओस पडत गेली. जी उरली तिच्यावर दुसरे संकट आले. ते संकट भेट म्हणून आले होते.

कुंपणाशिवाय दिलेली भेट

कुकच्या जहाजावर व्हँकुव्हर नावाचा एक तरुण उमेदवार होता. पुढे तोच कप्तान झाला आणि परत या उपसागरात आला. त्याचा हेतू चांगला होता. या लोकांकडे गुरे नाहीत, ती द्यावीत. १७९३ आणि १७९४ साली त्याने कॅलिफोर्नियाहून आणलेली गाई-बैलांची जनावरे इथे उतरवून कामेहामेहा राजाला भेट दिली. वाढ व्हावी म्हणून गुरे मारायला बंदी घालण्यात आली.

वाढ झाली! काही दशकांत हजारो रानटी गुरे डोंगरावर फिरू लागली. दावे नाही, गुराखी नाही, कोंडवाडा नाही. रताळ्याचे वेल खाल्ले, अळवाचे वाफे तुडवले, रानातली कोवळी रोपे वर येईनात. रानडुक्कर आणि रोही शेतात शिरल्यावर काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको. कोनाच्या किनाऱ्यावर १८३० ते १८४० च्या दरम्यान सुमारे सहा मैल लांबीची दगडी भिंत उभी राहिली, कुआकिनी या त्या वेळच्या सुभेदाराच्या नावाची. मोकाट जनावरे शेतापासून दूर ठेवण्यासाठी ती बांधली असे सांगतात. विचार करा, गुरे दिली दुसऱ्याने, आणि दगड वाहिले गावकऱ्यांनी. शेवटी गुरे आवरायला मेक्सिकोकडचे घोडेस्वार गुराखी आणावे लागले. १८३४ साली डेव्हिड डग्लस नावाचा नामांकित वनस्पतितज्ज्ञ रानटी गुरांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडला. त्याच खड्ड्यात बैल होता. त्यात तो मेला.

आणखी दोन भेटी सांगतो, कारण त्या आपल्याच देशातून गेल्या. १८६५ साली पिकावरच्या अळ्या खायला भारतातून साळुंक्या नेल्या. त्यांनी अळ्या खाल्ल्या, पण घाणेरीची फळेही खाल्ली आणि तिचे बी रानभर टाकले. १८८३ साली उसातल्या उंदरांसाठी जमैकातून मुंगूस आणले. त्या मुंगसांचे वाडवडील भारतातलेच. पण उंदीर फिरतो रात्री आणि मुंगूस फिरते दिवसा! उंदीर राहिले, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मात्र गेली. खांबापाशी भाकरी सोडली तेव्हा साळुंकी तुरुतुरु जवळ आली. सौ. नी तिला तुकडा टाकला. "आपल्याच गावची आहे," म्हणाल्या.

माझी सुबाभूळ

आता त्या झाडाकडे येतो. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. हवाईत तिला 'कोआ हाओले' म्हणतात. कोआ हे त्यांचे देशी झाड, आणि हाओले म्हणजे परका. परक्याचा कोआ. हवाईच्या विद्यापीठात तिच्या उंच वाढणाऱ्या जाती निवडल्या गेल्या, त्यातली के-८ ही जात १९७० नंतरच्या काळात आपल्याकडे आली. चारा, जळण, खत, सगळे एका झाडात. ज्यांनी नीट लावली, वेळेवर छाटली, शेळ्या बांधून खाऊ घातल्या, त्यांचे भले झाले. हे मी आजही म्हणतो. फक्त एकूण चाऱ्यात तिचा पाला तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, नाही तर जनावराचे केस गळतात.

मी नोकरीला नवा होतो. बी.एस्सी. ॲग्रीची पदवी ताजी, उत्साह मोठा. एका डोंगराळ गावात मी बांधाला लावायला सुबाभळीचे बी वाटले. ते उंच जातीचे होते की लवकर आणि भरमसाट शेंगा धरणारे झुडपी होते, हे मी पाहिलेच नाही. पोत्यावर नाव होते, मी वाटले. वाटपाचा आकडा अहवालात भरला आणि माझी बदली झाली.

सहा-सात वर्षांनी त्या गावी जाणे झाले. ज्या तात्यांना बी दिले होते त्यांचे झाड छाटलेले नव्हते. शेंगा फुटून बी शेजारच्या वावरात, म्हणजे त्यांच्याच धाकट्या भावाच्या मुरमाड पडीक तुकड्यात गेले होते. तिथे आता पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी त्या तुकड्यावर पवन्या गवत होई, भावाची बैलजोडी त्यावर उन्हाळा काढी. तोडले तर बुडातून फुटे. भावाने बैल विकले. दोन्ही घरांचे जाणे-येणे बंद, पोरीच्या लग्नालासुद्धा कोणी कोणाकडे गेले नाही.

तात्या मला म्हणाले, "साहेब, बी तुम्ही दिलंत, त्याचं उपकार हाय. पर हे थांबवायचं कसं, त्ये न्हाई सांगितलंत."

मी काय उत्तर देणार? चहा घेतला आणि निघून आलो. पुन्हा त्या गावाकडे फिरकलो नाही. त्या खांबापाशी, परक्याच्या कोआखाली बसून मला व्हँकुव्हरचा राग येत होता. आणि मग वाटले, त्याने गुरे दिली, मी बी दिले. हेतू दोघांचाही चांगला. कुंपण दोघांनीही दिले नाही.

कॉफीच्या मळ्यातल्या आजी

चढून वर येईपर्यंत गुडघ्यांनी हात टेकले. पुतण्याने वरच्या एका कॉफीच्या मळ्यात नेले. मालकीण जपानी वंशाच्या, सत्तरीच्या पुढच्या आजी. मळा तीन एकरांचा. त्या भागातले बहुतेक मळे पाच एकरांच्या आतलेच, घरच्या माणसांनी कसलेले. त्यांचे आजे-पणजे उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आले आणि मग इथे खंडाने जमीन घेऊन राहिले.

कॉफीही इथली नाही. १८२८ साली एका मिशनऱ्याने कोनात आणली. मग तिने का नाही रान व्यापले, असे मी विचारले. आजी हसल्या. पुतण्याने सांगितलेला त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा: "तिच्यामागे आम्ही रोज असतो, म्हणून." फक्त लाल फळ वेचायचे, म्हणून एकाच झाडावर पाच-सहा फेऱ्या. पूर्वी तर वेचणीसाठी शाळांची मोठी सुट्टीच तोडणीच्या हंगामात असे, १९६९ पर्यंत. फळ वेचले की लगेच साल काढायची, भिजवायचे, धुवायचे, आणि घराच्या माथ्यावर वाळवायचे. पाऊस आला की छप्पर रुळांवरून ओढून वर घ्यायचे.

२०१० साली तिथे कॉफीच्या फळात शिरणारा भुंगेरा सापडला, २०२० साली बेटांवर तांबेरा आला. आमच्या कर्नाटकातल्या कॉफीलाही हे दोन्ही आहेत, असे मी म्हणालो, तशी आजींनी कपाळाला हात लावला. उपाय काय करता विचारले. ब्युव्हेरिया बुरशी फवारतात, आणि हंगाम संपला की झाडावर आणि जमिनीवर एकही फळ ठेवत नाहीत. कापसाची फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला घर मिळते, असे मी दर वर्षी तुमच्या कानीकपाळी ओरडतो. आजी तेच करत होत्या, न ओरडता.

विमानतळावरचे दोन पेरू

निघताना सौ. नी मळ्याकडेच्या रानटी झाडाचे दोन पेरू पिशवीत टाकले होते, बी गावी लावायला. विमानतळावर शेतीमाल तपासणारे पथक बसलेले असते. त्यांनी पेरू काढून घेतले. फळमाशी जाऊ नये म्हणून. सौ. हिरमुसल्या. मी मात्र त्या तपासनीस बाईंना हात जोडले. दोनशे वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर असे कोणी बसलेले असते, तर?

तर मंडळी, नवे काही घेऊच नका, असे मी म्हणत नाही. मिरची, टोमॅटो, भुईमूग, ज्वारीशेजारचा मका, हे सारे आपल्याकडे बाहेरूनच आले. पण यापुढे माझ्यासारखा कोणी साहेब, किंवा कोणी दुकानदार, नवे बी, नवे रोप, नवे जनावर घेऊन दारात आला तर त्याला चार प्रश्न विचारा. हे मूळ कुठले? ह्याचे बी कशाने पसरते? नको झाले तर काढायचे कसे? आणि शेजाऱ्याच्या वावरात गेले तर भरपाई कोणाची? पहिली दोन वर्षे कोपऱ्यातल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांत लावून बघा. उत्तर न देता साहेब चिडला, तर बी ठेवून घेऊ नका.

परत आल्यावर मी त्या गावी गेलो. तात्या आता नाहीत. त्यांचा मुलगा आणि धाकटे भाऊ, दोघांना एका जागी बसवायला तीन फेऱ्या लागल्या. यंदा शेंगा धरण्याआधी फुलावरच सगळी झाडे छाटायची, रोपटी पावसाळ्यात जमीन ओली असताना मुळासकट उपटायची, आणि पाला पुतण्याच्या शेळ्यांना, लाकूड काकांना, असे ठरले आहे. मी दर पंधरवड्याला जातो. पडीक तुकड्यावर पुन्हा पवन्या यायला किती वर्षे लागतील ते आज सांगता येत नाही. परवा गेलो तेव्हा काका-पुतणे एकाच बांधावर कोयता घेऊन उभे होते. एकमेकांशी बोलत नव्हते, पण झाड एकच तोडत होते.

पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे बीजप्रक्रियेविषयी. रामराम.